लाइट फिटिंग किती उंचीवर लावायचं? प्रकाशाच्या हिशोबातली उंची, पायरी पायरीने

सोलापुरात अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळी एमआयडीसीत नवीन शेड उभी राहिली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॅटचे लाइट घ्यायचे?" वायरमन शेजारच्या शेडमध्ये काय लावलंय ते आठवून आकडा सांगतो आणि माल येतो. फिटिंग किती उंचीवर टांगायचं हे मात्र शिडी लावल्यावर ठरतं. जिथे कैचीला (छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला) साखळी अडकवता आली, तीच उंची.

हा क्रम उलटा आहे. वॅट, संख्या, दोन फिटिंगमधलं अंतर, डोळ्यांवर येणारी चमक, सगळं उंचीवर अवलंबून असतं. म्हणून उंची आधी ठरवायची, वॅट नंतर. नुकतेच आयटीआय किंवा डिप्लोमा करून या कामात आलेले, छोटे ठेकेदार आणि स्वतःच्या शेडचा हिशोब स्वतः करू पाहणारे मालक यांच्यासाठी हे लिहितोय. कॅल्क्युलेटर आणि मीटर टेप एवढंच लागेल.

आधी उंची मोजा, पण कुठून कुठे?

हिशोबात जी उंची घालायची ती जमिनीपासून छतापर्यंतची नाही, आणि जमिनीपासून फिटिंगपर्यंतचीही नाही. ती असते ज्या पातळीवर काम चालतं तिथपासून फिटिंगच्या उजेड देणाऱ्या भागापर्यंत. कामाच्या या पातळीला वर्किंग प्लेन म्हणतात आणि या उंचीला माउंटिंग हाइट. पुढच्या सगळ्या गणितात 'उंची' म्हटलं की हीच.

ऑफिसच्या टेबलासाठी वर्किंग प्लेन साधारण ०.७५ ते ०.८५ मीटर धरतात. शिलाई मशीनचं टेबलही त्याच आसपास येतं. मागावर मात्र टेप लावूनच बघा. विणकर समोर उभा राहतो तिथे कापड नुकतं विणून पुढे सरकत असतं. तुटलेला धागा, चुकलेली वीण त्याला तिथेच दिसायला हवी. ती पातळी मागागणिक थोडी बदलते. मी उदाहरणासाठी ०.९ मीटर धरतो.

आता सोलापुरातलंच दुसरं काम घ्या. घरी विड्या वळणारी बाई जमिनीवर बसते, मांडीवर सूप असतं. तिचं वर्किंग प्लेन जमिनीपासून जेमतेम पाऊण ते एक फूट. त्याच खोलीत टेबलावर काम करणाऱ्याला जी ट्यूब पुरते, ती या बाईच्या हातांपासून आणखी साधारण अर्धा मीटर लांब असते. शिवाय ट्यूब बहुतेक वेळा भिंतीवर, आणि बाई भिंतीला टेकून बसलेली. म्हणजे उजेड पाठीमागून येतो आणि तिचीच सावली सुपात पडते. इथे जास्त वॅटची ट्यूब लावून फार फरक पडत नाही. ट्यूब समोरच्या भिंतीवर किंवा छताच्या मध्यावर हलवली की पडतो.

एक सूचना मोजमापाची. आपल्याकडे शेड फुटात सांगतात, आणि पडणाऱ्या उजेडाचं एकक, लक्स, मात्र मीटरच्या मापात चालतं. एक लक्स म्हणजे दर चौरस मीटरला एक लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं एकक). एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. क्षेत्रफळ चौरस फुटातच ठेवून भागाकार केला तर उत्तर दहापटीने चुकतं. नव्या माणसाच्या कागदावर ही चूक मी पहिल्यांदा शोधतो.

एकट्या दिव्याचं गणित

शाळेत शिकलेला नियम सगळ्यांना आठवतो: अंतर दुप्पट केलं की प्रकाश पाव होतो. तो खरा आहे. एका छोट्या दिव्याखाली नेमक्या बिंदूवर किती लक्स पडतील ते काढायचं तर दिव्याची त्या दिशेची तीव्रता, म्हणजे कँडेला, भागिले अंतराचा वर्ग.

समजा टॉवेल तपासायच्या टेबलावर एक दिवा आहे आणि सरळ खाली त्याची तीव्रता १२०० कँडेला आहे. २ मीटर उंचीवर टेबलावर ३०० लक्स, दीड मीटरवर ५३३, १ मीटरवर १२००. इथपर्यंत सोपं.

आता दिव्याच्या बरोबर खाली न बघता २ मीटर बाजूला बघा. तिरक्या किरणांसाठी सूत्र असं होतं: कँडेला × उंची ÷ (दिव्यापासूनच्या तिरक्या अंतराचा घन). समजा तिरक्या दिशेलाही तीव्रता १२०० कँडेलाच आहे. दिवा २ मीटर उंच असताना तिरकं अंतर २.८३ मीटर, उत्तर १०६ लक्स. दिवा १ मीटरवर आणला तर तिरकं अंतर २.२४ मीटर आणि उत्तर १०७ लक्स.

हे दोन आकडे शेजारी ठेवून नीट बघा. दिवा खाली आणल्याने खालच्या बिंदूवर प्रकाश चौपट झाला, दोन मीटर बाजूला जवळपास तेवढाच राहिला. आधी मधल्या आणि बाजूच्या जागेत तिप्पट फरक होता, आता अकरापट आहे. डोळा उजळ जागेला सरावतो आणि बाजूची जागा त्याला काळोखी वाटायला लागते. खऱ्या फिटिंगमध्ये तिरक्या दिशेची तीव्रता बहुधा सरळ खालच्यापेक्षा कमीच असते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून वाढतो. 'लाइट खाली घेतले की उजेड वाढतो' हे एका टेबलापुरतं खरं. पूर्ण हॉलसाठी ते तसंच वापरता येत नाही.

वर्गाच्या नियमाला आणखी एक मर्यादा आहे. दिवा बिंदूसारखा छोटा असेल तरच तो चालतो. फिटिंगच्या सगळ्यात लांब मापाच्या निदान पाचपट अंतर असावं, असा व्यवहारातला नियम आहे. चार फुटी बॅटन (लांब, ट्यूबसारखं फिटिंग) म्हणजे १.२ मीटर, त्याला ६ मीटर अंतर हवं. सोलापुरातल्या किती शेडमध्ये बॅटन मागापासून ६ मीटर वर असतात? म्हणून बॅटनच्या रांगांना हे सूत्र सरळ लावू नका.

पूर्ण शेडचा हिशोब

इथे उंची वेगळ्याच वाटेने शिरते. सरासरी प्रकाशाचं सूत्र असं:

सरासरी लक्स = फिटिंगची संख्या × एका फिटिंगचे लुमेन × युटिलायझेशन फॅक्टर × मेंटेनन्स फॅक्टर ÷ क्षेत्रफळ

यात उंचीला जागाच नाही, असं पहिल्यांदा वाटतं. ती युटिलायझेशन फॅक्टरमध्ये आहे. फिटिंगमधून निघालेल्या लुमेनपैकी किती वाटा वर्किंग प्लेनवर पोचतो, तो हा फॅक्टर. बाकीचे भिंतींवर, छतावर आणि फिटिंगच्या आतच जिरतात. फिटिंग जितकं वर, तितका भिंतींवर जाणारा वाटा मोठा.

हा फॅक्टर फिटिंग बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात मिळतो. तक्ता वाचायला दोन गोष्टी लागतात: छत, भिंत आणि जमीन किती प्रकाश परत फेकतात ते, आणि रूम इंडेक्स. रूम इंडेक्स असा:

रूम इंडेक्स = लांबी × रुंदी ÷ (उंची × (लांबी + रुंदी))

साधारण ६० बाय ४० फुटी शेड घेऊ. हिशोबाला १८ × १२ मीटर, म्हणजे २१६ चौरस मीटर. उंची (लक्षात आहे ना, कापडापासून फिटिंगपर्यंत) २ मीटर असेल तर इंडेक्स २१६ ÷ (२ × ३०) = ३.६. उंची ३ मीटर केली तर २.४. चार मीटर केली तर १.८.

किती लक्स हवेत? युरोपच्या ईएन १२४६४ या मानकात विणकामाला ५००, शिलाईला ७५० आणि कापड तपासणीला १००० लक्स आहेत. भारतात आयएस ३६४६ आणि नॅशनल लाइटिंग कोड बघायचा. आयएस ३६४६ मध्ये एकेका कामाला तीन आकड्यांची श्रेणी असते, बारीक आणि गडद कामाला वरचा आकडा घ्यायचा. गडद रंगांची चादर विणताना मी खालचा आकडा कधीच घेत नाही. गडद सूत उजेड शोषून घेतं आणि तुटलेला काळा धागा काळ्यातच हरवतो. उदाहरणाला ५०० लक्स घेऊ.

मेंटेनन्स फॅक्टर म्हणजे वर्षभरात बसणारी धूळ आणि दिव्याचं उतरतं तेज यांची आधीच केलेली तरतूद. स्वच्छ ऑफिसला ०.८ धरतात. मागाच्या शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू उडत असतात, ते फिटिंगवर थरावर थर बसतात, तिथे ०.७ च्या वर जाऊ नका. टॉवेलच्या शेडला तर त्याहूनही कमी धरलेलं बरं.

४० वॅटचं, ४४०० लुमेनचं एलईडी बॅटन घेऊ. युटिलायझेशन फॅक्टर उदाहरणासाठी धरतोय, तुम्ही तुमच्या फिटिंगच्या तक्त्यातून घ्या: इंडेक्स ३.६ ला ०.६५, २.४ ला ०.५९, १.८ ला ०.५४.

५०० लक्स गुणिले २१६ चौरस मीटर म्हणजे कापडाच्या पातळीवर १,०८,००० लुमेन पोचायला हवेत. उंची २ मीटर असेल तर १,०८,००० ÷ (०.६५ × ०.७) म्हणजे सुमारे २,३७,४०० लुमेन बसवायचे, ५४ बॅटन. उंची ३ मीटरला सुमारे २,६१,५०० लुमेन, ६० बॅटन. उंची ४ मीटरला सुमारे २,८५,७०० लुमेन, ६५ बॅटन.

उंची दुप्पट झाली आणि बॅटन ५४ चे ६५ झाले. वीस टक्के वाढ. वर्गाचा नियम लावून चौपट लाइट मागवणारा माणूस इथे मालकाचे पैसे पाण्यात घालतो. 'उंचीने काहीच फरक पडत नाही' म्हणणाराही चुकतोच, कारण तीच वाढ वीजबिलात वर्षानुवर्षं येत राहते.

खोली जितकी मोठी आणि पसरट, तितका उंचीचा फटका कमी. एका फिटिंगपासून दूर गेलेला उजेड दुसऱ्याच्या जागेवर पडतो. अरुंद आणि उंच जागेत तो भिंतीत जातो. म्हणून गावातल्या जुन्या वाड्यातली ३ × ४ मीटरची उंच खोली आणि एमआयडीसीतली शेड यांना एकच अंदाज लावू नका. भिंती आणि छत उजळ असतील तर फटका आणखी कमी होतो. पत्रा जुना, काळवंडलेला असेल तर मी आधी भिंतींना पांढरा चुना मारायला सांगतो, मग लाइटचा हिशोब करतो.

काही तक्ते अमेरिकन पद्धतीचे असतात. त्यात रूम इंडेक्सऐवजी रूम कॅव्हिटी रेशो असतो. तो उलटा चालतो: आकडा मोठा म्हणजे जागा अवघड. ५ भागिले रूम इंडेक्स केलं की तो मिळतो. आपल्या १.८ चा होतो सुमारे २.८.

मग दोन फिटिंगमध्ये अंतर किती?

सरासरी जुळली म्हणजे काम झालं, असं समजून अनेक जण इथेच कागद मिटतात. माझ्या मते खरं डिझाइन इथून सुरू होतं.

प्रत्येक फिटिंगला अंतर आणि उंचीचं एक कमाल गुणोत्तर दिलेलं असतं; बऱ्याच फिटिंगना ते १ ते १.५ च्या दरम्यान येतं. १.५ असेल आणि उंची २ मीटर असेल तर दोन फिटिंगमध्ये ३ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. भिंतीपासून पहिली रांग त्या अंतराच्या निम्म्यावर.

५४ बॅटन ९ × ६ असे मांडले तर दोन्ही दिशांना २ मीटर अंतर येतं, गुणोत्तर १. छान. आता मालक म्हणतो, "एवढे बॅटन कशाला? १०० वॅटचे हायबे लावा, कमी लागतील." हायबे म्हणजे उंच छतासाठीचं मोठं फिटिंग; त्याचे १२,००० लुमेन धरू. (हायबेचा तक्ता वेगळा असतो, पण तुलनेसाठी तेच फॅक्टर ठेवतो.) उंची २ मीटरला २० हायबे पुरतात. ५ × ४ मांडले की लांबीकडे अंतर ३.६ मीटर, गुणोत्तर १.८. कागदावर सरासरी ५०० च्या वर, आणि जमिनीवर उजेडाचे गोल ठिपके. दोन ठिपक्यांच्या मधल्या मागावरचा विणकर अंधारात. तेच हायबे ४ मीटरवर नेले की २४ लागतात, ६ × ४, अंतर ३ मीटर, गुणोत्तर ०.७५. उजेड एकसारखा.

थोडक्यात, मोठं फिटिंग उंची मागतं आणि कमी उंचीला छोटी फिटिंग जास्त संख्येने लागतात. कमी उंचीवर हायबे लावला तर डोळ्यांवर चमकही थेट येते. विणकर वर बघतो, मागाच्या पलीकडे बघतो, दिवसभरात शेकडो वेळा नजर फिरवतो. ही चमक लक्स मीटरवर दिसत नाही.

दुकानातल्या स्पॉटलाइटला हेच वेगळ्या रूपात लागू होतं. ६० अंशाच्या बीमचा गोल २ मीटरवर २.३ मीटर रुंद, ३ मीटरवर साडेतीन. पीओपीचं छत खाली घेतलं की गोल लहान होतो, मग फिटिंग वाढवा किंवा रुंद बीम घ्या.

जॅकार्ड, पंखा आणि पत्र्याखालची उष्णता

रूम इंडेक्सचं सूत्र खोली रिकामी आहे असं मानतं. जॅकार्डच्या (नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेल्या यंत्राच्या) शेडमध्ये हे गृहीतच कोसळतं. मागाच्या डोक्यावर जॅकार्डचा सांगाडा उभा, त्यातून शेकडो दोऱ्या खाली उतरलेल्या. त्याच्या वर टांगलेल्या फिटिंगचा उजेड जॅकार्डच्या माथ्यावर आणि दोऱ्यांत अडकतो. कापडावर पोचतो तो उरलासुरला.

म्हणून जॅकार्ड असेल तर फिटिंगच्या रांगा मागांच्या मधल्या वाटांवर घ्या, जॅकार्डच्या माथ्यापेक्षा खाली आणि माणसाच्या डोक्याच्या पुरेशा वर. समोरच्या वाटेवर रांग विणकराच्या पाठीमागे गेली तर त्याची सावली कापडावर पडते. ती मागाकडे सरकवा, म्हणजे फिटिंग त्याच्या डोक्याच्या किंचित पुढे येईल. मागच्या बाजूची, बीमकडची (ताण्याचे धागे गुंडाळलेल्या रुळाकडची) वाटही विसरू नका. ताण्याचा धागा तिकडेही तुटतो आणि जोडायला माणूस तिथे वाकतो.

अशा शेडला कागदी हिशोबावर पूर्ण माल मागवू नये, असं माझं ठाम मत आहे. एका मागाभोवती चार फिटिंग ठरवलेल्या उंचीवर टांगा, रात्री मोजा, साखळीच्या दोन-तीन कड्या कमी-जास्त करून पुन्हा मोजा. मग बाकीची ऑर्डर द्या. डायलक्ससारखं मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात माग आणि जॅकार्ड खोक्यांच्या रूपात घाला; रिकाम्या शेडचं रंगीत चित्र काही कामाचं नाही.

शिलाईच्या युनिटमध्ये अडचण पंख्याची. फिटिंग पंख्याच्या पात्यांच्या वर असेल तर पात्यांच्या सावल्या टेबलावर फिरतात, आणि गणवेश शिवणाऱ्या बाईला सुईजवळ उजेड लुकलुकताना दिसतो. फिटिंग पात्यांच्या पातळीखाली घ्या, नाहीतर आडवं सरकवा.

आणि सोलापूरचा उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४० च्या वर पारा असतो, पत्र्याखाली गरम हवा वरच साचते. जमिनीवर उभं राहून जेवढं गरम लागतं त्याहून कैचीजवळ कितीतरी जास्त असतं, आणि एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं सर्किट) तिथेच बसलेला असतो. उष्णतेने त्याचं आयुष्य घटतं. फिटिंगवर किंवा डेटाशीटवर भोवतालचं कमाल तापमान लिहिलेलं असतं, ते वाचा. पत्र्याच्या शेडसाठी निदान ५० अंशांचं फिटिंग मागा. पत्र्याला चिकटवण्यापेक्षा साखळीने खाली टांगलेलं फिटिंग जास्त टिकतं.

उंचीचा आणखी एक खर्च साफसफाईचा. घोडीवर चढून फडकं मारता येईल अशा उंचीवरची फिटिंग पुसली जातात. त्याहून वरची कोणी पुसत नाही. मग तिथे मेंटेनन्स फॅक्टर ०.७ धरण्यात अर्थ नाही, ०.६ धरा आणि संख्या वाढवा.

लावल्यावर मोजा

रात्री मोजा, म्हणजे दिवसाचा उजेड मिसळणार नाही. लाइट लावून थोडा वेळ जाऊ द्या. लक्स मीटरचा सेन्सर कापडाच्या पातळीवर आडवा धरा आणि स्वतः बाजूला व्हा, नाहीतर मीटर तुमची सावली मोजेल. फक्त फिटिंगखाली नाही, दोन फिटिंगच्या मध्ये आणि कोपऱ्यातही. मोबाइलमधलं ॲप दोन जागांची तुलना करायला चालतं, आकडा कागदावर लिहायला नाही.

सगळ्या वाचनांची सरासरी काढा आणि सर्वांत कमी वाचनाला सरासरीने भागा. हे उत्तर म्हणजे उजेडाचा सारखेपणा; विणकामाला तो ०.६ च्या खाली नको. फिटिंग नवीन आणि स्वच्छ असताना सरासरी ५०० नव्हे, ७०० च्या आसपास यायला हवी, कारण आपण ०.७ चा फॅक्टर धरला होता. नव्या शेडमध्ये नेमके ५०० आले तर ती शेड वर्षभरात कमी पडणार.

सरासरी बरोबर पण सारखेपणा कमी आला तर बहुतेक वेळा अंतर उंचीच्या मानाने जास्त असतं. साखळी आखूड करून फिटिंग वर घ्या आणि पुन्हा मोजा. सारखेपणा चांगला पण सरासरी कमी आली तर फिटिंग खाली आणायला किती जागा आहे ते गुणोत्तरावरून काढा, मगच नवीन फिटिंग मागवा. ठरलेली अंतिम उंची ड्रॉइंगवर तयार जमिनीपासून मिलिमीटरमध्ये लिहा, शेजारी वर्किंग प्लेनची उंचीही. वायरमनला 'कैचीच्या खाली' असं सांगू नका. एकाच शेडमधल्या दोन कैच्यांची पातळी नेहमी सारखी नसते.